‘तब्येत चांगली आहे’ म्हणजे नेमकं काय? मुलींचा बांधा, वजन आणि आरोग्याच्या समजुती: मोजायचं कसं

पाटीपुस्तक
लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या वसतिगृहांत राहणाऱ्या 18 ते 22 वयाच्या मुलींचं सर्वेक्षण करायचं आहे. विषय असा: आपलं शरीर त्यांना कसं वाटतं, निरोगी म्हणजे काय असं त्या समजतात, आणि हे समाजगटांनुसार कितपत बदलतं. मुली मराठी घरांतल्या, दख्खनी बोलणाऱ्या, बंजारा तांड्यांवरच्या आणि देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या. हाताशी आहे ते एवढं: स्टंकार्डच्या नऊ आकृत्या (वाळक्या ते जाड बांध्यांची चित्रं), ईएटी-26 ही खाण्याच्या बिघडलेल्या सवयी हेरणारी 26 विधानांची प्रश्नावली, वजनकाटा आणि टेप. प्रश्न तीन.
बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) कुठली मर्यादा धरायची? आकृत्या आणि प्रश्नावली आपल्याकडे चालतात का? आणि गटांची तुलना करताना फसायला कुठं होतं?

गोदाकाठ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी ते. जादा वजनाला 25 आणि स्थूलतेला 30 हे जागतिक आकडे विसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे कृतीचे टप्पे (इथून पुढं काही करायला हवं असे) सुचवले. 2009 च्या भारतीय सहमतीत 23 ते 24.9 म्हणजे जादा वजन आणि 25 पासून स्थूलता असं धरलं आहे. 18.5 च्या खाली कमी वजन, हे सगळीकडे सारखंच.

दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलीसाठी हिशेब: 18.5 म्हणजे साधारण 41.6 किलो, 23 म्हणजे 51.8 आणि 25 म्हणजे 56.3. हे तीन आकडे कागदावर काढून ठेवा. चौपन्न किलोची मुलगी जागतिक तक्त्यात ‘नॉर्मल’ बसते, आपल्या तक्त्यात नाही.

एक सूचना. अठराच्या आतली एकही मुलगी घेतलीत तर हे आकडे तिला लागू नाहीत. तिच्यासाठी वयानुसार तक्ते लागतात. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे 2015 चे तक्ते 5 ते 18 वयासाठी आहेत आणि त्यात प्रौढांच्या 23 व 27 ला जुळणाऱ्या रेषा आखलेल्याच आहेत.

चावडी
मर्यादा खाली कशासाठी आणायची? आपल्या पोरी आधीच काटकुळ्या. 52 किलोच्या पोरीला जाड ठरवून काय साधणार?

गोदाकाठ
@चावडी, रास्त शंका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काट्यावर दोघं सारखे, आत दुपटीहून जास्त फरक.

याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव आपल्यांत कमी. कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच टिकलेली. म्हणजे ‘काटकुळी’ आणि ‘चरबी कमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून म्हणतो, वजनकाट्यापेक्षा टेपवर भर द्या.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 24 टक्क्यांचा बीएमआय 25 किंवा वर निघाला, पण कंबर-नितंब गुणोत्तर 0.85 किंवा त्याहून जास्त असलेल्या निघाल्या 56.7 टक्के. मधल्या बायका कोण? ज्यांना घरचे दारचे ‘बारीक’ म्हणतात त्या.

चावडी
पटलं. पण शरीराबद्दल नाराज असणं वगैरे ही गोऱ्यांची थेरं. आपल्याकडं उलट ‘जरा अंग धर’ म्हणतात.

आकडेमोड
@चावडी, गोऱ्यांची आहेत की नाहीत हे बऱ्यापैकी तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या 98 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये निघाला. गोऱ्या बायका कृष्णवर्णीय बायकांपेक्षा शरीरावर जास्त नाराज, हे खरं. पण फरक छोटा. आशियाई आणि लॅटिन वंशाच्या बायका गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीत. ‘त्यांना होतं, यांना होत नाही’ इतकी सरळ विभागणी सापडत नाही.

दुसरं उदाहरण फिजीचं. तिथं भरल्या अंगाची बाई म्हणजे तिच्या माणसांनी तिची नीट निगा ठेवली असा अर्थ. वाळत चालली की घरच्यांना काळजी. भूक मरण्याला तिथं ‘मदाके’ असं आजाराचं नावच आहे. अगदी आपल्या ‘रोडावली गं’ सारखं. 1995 मध्ये त्या भागात टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींना टीव्ही येताच आणि पुन्हा 1998 मध्ये विचारलं. ईएटी-26 वर 20 च्या वर, म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडं, गुण असलेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 वर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर 11.3 टक्के. मुली थोड्या होत्या, दोन्ही वेळा साठ-पासष्ट, आणि 1998 च्या मुली वेगळ्या होत्या, त्यामुळं सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. पण ‘अंग धर’ म्हणणाऱ्या समाजात हे शिरत नाही, हा समज त्यातून नक्की मोडतो.

आणि ‘अंग धर’ हाही दाबच. मॉरिटानियात लग्नाआधी मुलींना बळजबरीनं दूध आणि भरड चारायची ‘लब्लूह’ नावाची प्रथा आहे. दिशा उलटी, पण पोरीचं अंग लोकांच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून वळवायचं, हे तेच.

तांड्यावरची
धाग्याचं नाव बरोबर ठेवलंय ताई, कारण पहिली ठेच तिथंच लागते. फॉर्मवर ‘तुमची तब्येत कशी आहे?’ असं छापलं की निम्म्या मुली आजारपणाचं उत्तर देतात आणि निम्म्या जाडीचं. ‘सुट्टीत तब्येत झाली’ म्हणजे वजन वाढलं. ‘तब्येत खराब झाली’ म्हणजे ताप आला किंवा गाल बसले, दोन्ही. उर्दू फॉर्मवर ‘सेहत’ टाकलात तरी तीच गत, ‘सेहत बनी’ म्हणजे अंगावर मांस चढलं. एका शब्दात निरोगी आणि भरलेलं हे दोन्ही असताना ‘तब्येत चांगली: होय / नाही’ या रकान्याचं काय करणार?

तोडून विचारा. ‘गेल्या महिन्यात आजारपणामुळं किती दिवस वर्ग बुडाला?’ ‘जिना चढताना दम लागतो का?’ ‘वजन आहे त्यापेक्षा वाढावं, कमी व्हावं की राहू द्यावं?’ यात गडबड होत नाही.

‘अशक्तपणा’ हा दुसरा फसवा शब्द. चक्कर, पांढरं जाणं, कंबर दुखणं, झोप न लागणं, परीक्षेचं टेन्शन, सगळं त्याच पोत्यात. ‘अंगावरून पांढरं जातं, त्यानं हाडं झिजतात’ ही समजूत तर इतकी घट्ट की नेहमीच्या स्रावालाही आजार धरतात. असल्या समजुतीची किंमत बायका कशी मोजतात ते बीडनं पाहिलंय. 2019 मध्ये सरकारी समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. पांढरं जातंय, पोट दुखतंय, पुढं कॅन्सर होईल, ही भीती घालून. तुमच्या यादीतल्या काही मुलींच्या आया त्यांत असतील. ‘आरोग्याची भीती कशाची वाटते’ हा प्रश्न उघडा ठेवा, पर्याय देऊ नका.

पाटीपुस्तक
‘तब्येत’ आमच्या मसुद्यात चार ठिकाणी आहे! आजच काढते. आकृत्यांचं काय करू?

आकडेमोड
स्टंकार्डच्या आकृत्या 1983 च्या. एकीकडं वाळकी, नवव्या क्रमांकाला खूप जाड. मुलगी आधी ‘आत्ता मी अशी’ दाखवते, मग ‘मला अशी व्हायचंय’. पहिल्यातून दुसरं वजा केलं की नाराजीचा आकडा.

चूक होते ती इथं. समजा सहा मुलींचे फरक आले: +2, +2, +1, −1, −2, −2. सरासरी शून्य. अहवालात छापून येतं, ‘या गटातील मुली आपल्या शरीराबाबत समाधानी आढळल्या.’ सहाच्या सहा नाराज आहेत. तिघींना बारीक व्हायचंय, तिघींना भरायचंय! आपल्याकडं दोन्ही दिशांचा ओढा असतो, म्हणून सरासरीवर जाऊच नका. तीन ढीग करा: कमी हवं, आहे ते ठीक, जास्त हवं. प्रत्येक ढिगाची टक्केवारी द्या आणि शेजारी त्या ढिगातल्या मुलींचा खरा बीएमआय ठेवा. कमी वजनाच्या किती मुलींना आणखी बारीक व्हायचंय, हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा.

त्याच पट्टीवर आणखी दोन प्रश्न घ्या: ‘घरच्यांना कशी मुलगी निरोगी वाटते?’ आणि ‘स्थळ बघायला आलेले कशी पसंत करतात?’ गटागटातला फरक स्वतःच्या पसंतीत कमी आणि या दोन उत्तरांत जास्त दिसण्याची शक्यता आहे. आकृत्या वाळकीपासून जाडीपर्यंत क्रमानं मांडल्या की मुली मधली उचलतात. सुट्या कार्डांवर छापा आणि पिसून ठेवा.

निमगोरी
त्या आकृत्यांना रंगच नाही. स्थळाच्या बायोडाट्यात वजनाचा रकाना क्वचितच असतो, ‘वर्ण: गोरा / निमगोरा / गव्हाळ / सावळा’ हा असतोच. नुसत्या बांध्यावर शरीरप्रतिमा मोजलीत तर ज्याच्यावरून मुलींना सगळ्यांत जास्त बोललं जातं तेच सुटेल. रंग, चेहऱ्यावरची लव, उंची, मुरूम, केस गळणं यांचे पाच सुटे प्रश्न घाला, प्रत्येकी 0 ते 10. नंतर ‘यासाठी गेल्या सहा महिन्यांत काय लावलं किंवा घेतलं?’ असं विचारा आणि नळी बघायला मागा. नाव आठवत नाही, नळी मात्र पेटीत असते.

नळीवर काय वाचायचं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन सोबत असेल तर तिहेरी मलम. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणीला सुचवलं जातं. मग कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, मुरूम उसळतात, लव वाढते. आणि लावणं थांबवलं की आग आणि लाली इतकी की मुलगी पुन्हा तेच लावते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये नियम कडक केले. तरी मिळतात. बिनानावाच्या, बिनछापाच्या डबीतली क्रीम असेल तर पाऱ्याची शंका घ्या. सौंदर्यप्रसाधनात पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्यानं मूत्रपिंडाला इजा होते. पायावर, डोळ्यांखाली सूज असेल तर लघवीतली प्रथिनं तपासायला पाठवा.

येसर
निमगोरीताईंनी लावायचं सांगितलं, मी पोटात घ्यायचं सांगते.

लग्न ठरलं की ‘अंग भरायच्या’ गोळ्या सुरू होतात. त्यांत बहुतेक वेळा दोन औषधं असतात. सायप्रोहेप्टाडिन: ॲलर्जीचं औषध, भूक वाढवतं, झोप आणतं. आणि डेक्सामेथासोन: हे पुन्हा स्टेरॉइड. गाल गोल होतात, महिन्यात तीन-चार किलो चढतात, ‘तब्येत झाली’ म्हणून घर खूश. ते मांस नसतं, पाणी आणि चरबी असते. काही आठवडे घेऊन एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तेवढ्यात तयार होत नाही. उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली. म्हणून सर्वेक्षणात अशी मुलगी सापडली तर ‘आजच फेकून दे’ म्हणू नका. गोळी घेऊन डॉक्टरकडं पाठवा, डोस उतरवत बंद करतात.

सलाईनचंही तसंच. ‘ताकदीची बाटली’ म्हणून 5 टक्के डेक्स्ट्रोजची अर्धा लिटरची बाटली लावतात. त्यात 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी दोनशेची. बाटलीतून अर्ध्या भाकरीएवढीही ताकद जात नाही.

चावडी
अर्ध्या भाकरीला तीन-चारशे रुपये. हे गावात फळ्यावर लिहायला पाहिजे.

येसर
लिहाच. आणि बारीक व्हायचं म्हणून मुली आधी काय सोडतात? भाकरी. ठेवतात काय? चहा, बिस्किट आणि मेसचं पाणीदार वरण. आरोग्याची समजूत विचारताना ‘बारीक व्हायला काय सोडाल, ताकदीला काय खाल’ अशी जोडी विचारा. उत्तरं सोन्यासारखी येतात.

प्रथिनांचा हिशेब हवा असेल तर: किलोमागे 0.83 ग्रॅम (राष्ट्रीय पोषण संस्था, 2020). पंचेचाळीस किलोच्या मुलीला 37 ग्रॅम. दोन भाकऱ्या 12, वाटीभर घट्ट वरण 6, मटकीची उसळ 7, मूठभर शेंगदाणे (30 ग्रॅम) 7, वाटीभर दही 3. झाले 35, अंडं चालत असेल तर वर आणखी 6. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी, ते तूर-मटकी भरून काढते, म्हणून भाकरी-वरणाची जोड तोडायची नाही. मेसमध्ये घसरतं ते वरणावर. वाटीत डाळ किती हे बघायचं तर वरण पाच मिनिटं तसंच ठेवा. वर पाणी आणि तळाला बोटभरही डाळ नसेल तर ते 6 ग्रॅम 2 वर आले असं धरा.

उपासाचं वेगळं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरणाऱ्या मुलीला ‘डाएट करतेस का?’ विचारलं तर नाही म्हणते, कारण तिच्या लेखी तो उपास आहे. देवासाठी की वजनासाठी, हे दोन प्रश्न वेगळे टाका. दोन्हीला ‘हो’ म्हणायची मुभा ठेवा. (साबुदाण्याच्या खिचडीनं कुणी बारीक झाल्याचं मात्र ऐकिवात नाही. नुसता स्टार्च, त्यावर तूप आणि बटाटा.)

आकडेमोड
उपासावरून ईएटी-26 कडं येतो. तिच्यात ‘भूक असूनही खाणं टाळते’ अशा अर्थाचं विधान आहे. श्रावणात किंवा नवरात्रात विचारलंत तर उपास धरणारी, रमजानमध्ये विचारलंत तर रोजे ठेवणारी ‘नेहमी’वर खूण करणार आणि तीन गुण मिळवणार. गुण असे: नेहमी 3, बहुतेक वेळा 2, बऱ्याचदा 1, खालचे तिन्ही पर्याय 0. एका विधानाचे गुण उलटे मोजायचे, ते नवे तुपातेलातले पदार्थ आवडण्याबद्दलचं. वसतिगृहात तसं ताटात येतच नाही, म्हणून मुलगी ‘कधीच नाही’ लिहिते आणि पुन्हा 3 गुण. दोन विधानांत सहा गुण नुसत्या परिस्थितीचे झाले, आणि 20 ला तर धोक्याची रेषा.

तेव्हा:
श्रावण, नवरात्र, रमजान आणि परीक्षेचे आठवडे टाळा. प्रत्येक विधानाचे गुण गटानुसार वेगळे छापून बघा. एखादं विधान एकाच गटात उसळलं असेल तर ते आजाराचं लक्षण नसून भाषेचं किंवा रीतीचं असू शकतं. 20 च्या वर गेलेल्या मुलीला ‘विकार आहे’ लिहू नका. ही चाळणी आहे, निदान नाही. पुढं मुलाखत लागते.

भाषांतर दोघांनी स्वतंत्र करायचं, तिसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग तिघांनी बसून भांडायचं. नंतर प्रत्येक भाषागटातल्या आठ-दहा मुलींना विधान वाचून दाखवा आणि ‘हे तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. ‘शरीर’ शब्दाला मुली लाजतात, ‘अंग’ म्हटलं की ताकद किंवा ताप आठवतो, ‘बांधा’ म्हटलं की शिंपी. मला ‘माझं दिसणं’ आणि ‘माझं अंग’ हे दोन वेगळे प्रश्न करणं बरं वाटतं.

नाराजीऐवजी स्वीकार मोजायचा असेल तर बीएएस-2 ही दहा विधानांची पट्टी आहे, 2015 ची. 65 देशांत तपासलेली. पण तुमच्या चारही भाषांत ती एकच गोष्ट मोजते हे आधी तपासावं लागतं. ते न करता गटांच्या सरासऱ्या शेजारी ठेवणं म्हणजे एका दुकानातला शेर आणि दुसऱ्यातला किलो एकाच वहीत मांडणं.

तांड्यावरची
फॉर्म मुलींच्या हातात देऊन भरून घेऊ नका. शेजारची बघते आणि तेच लिहिते. गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या मुलीनं वाचून दाखवायचं, बाकीच्यांनी आपापल्या कागदावर फुल्या मारायच्या. आणि ऊसतोडीच्या घरातली मुलगी दिवाळीच्या आधी मोजलीत की उन्हाळ्यात, याची नोंद ठेवा. आईबाप फडावर असताना घरी धाकट्या भावंडांचं रांधून वर्गाला येणारी मुलगी ‘समाजामुळं बारीक’ दिसते. ती कामामुळं बारीक असते.

काळीमाती
हे महत्त्वाचं बोललात. धाग्यात ‘समाजगटांनुसार फरक’ आलं तेव्हापासून तेच डोक्यात आहे. उद्या कुणी मथळा करील, ‘अमक्या जातीच्या मुलींमध्ये न्यूनगंड जास्त.’

गोदाकाठ
@काळीमाती, सहमत. बीएमआयच्या या मर्यादा आशियाई आणि भारतीय लोकांसाठी म्हणून आहेत. जातीजातीला वेगळी मर्यादा कुणी ठरवलेली नाही आणि पाटीपुस्तक यांनीही ठरवायला जाऊ नये. तुलना करायचीच तर प्रत्येक मुलीमागं या गोष्टी लिहा: घरची जमीन, आईचं शिक्षण, वसतिगृहात किती महिने, हाताशी मोबाईल कधीपासून, लग्नाची बोलणी चालू आहेत का. यातलं एकेक हिशेबात धरल्यावर समाजाचा फरक किती उरतो ते बघा. न उरला तर तसं लिहा, तोही निष्कर्षच आहे.

खरोखर वंशागत असं एक मात्र विसरू नका: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या होणारा आजार. किनवट-माहूर पट्ट्यातल्या आदिवासी घरांतली मुलगी फिकट दिसते, हिमोग्लोबिन कमी येतं आणि तिला लोहाच्या गोळ्या देत राहतात. रक्ताचं प्रमाण हलत नाही, मग ‘गोळ्या खात नाही’ म्हणून तीच बोलणी खाते. तिथं आधी विद्राव्यता चाचणी (सिकलसेलची प्राथमिक तपासणी), ती होकारार्थी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या. चाचणीचा कागद तिच्या हातात द्या, वसतिगृहाच्या फळ्यावर नको; स्थळं मोडतात.

बाकीच्यांसाठी हिमोग्लोबिन 12 च्या खाली रक्तक्षय, 8 च्या खाली तीव्र. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका 12 च्या खाली. बोट टोचून घेत असाल तर पहिले दोन थेंब पुसून टाका आणि बोट पिळू नका. पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. आठवड्याच्या लोहाच्या गोळीत (10 ते 19 वयाला निळी) 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती चहाबरोबर घेतली तर बरंचसं वाया. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात मुली सोडतात.

निमगोरी
आणखी एक बघण्यासारखं. मानेमागं, काखेत काळी, मखमलीसारखी जाडसर कातडी. घरात त्याला मळ म्हणतात आणि मुलगी वज्रीनं घासघासून सोलून घेते. तो मळ नाही. इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, याची ती खूण आहे. ओल्या फडक्यानं पुसून बघा, फडकं स्वच्छ राहतं. ही खूण, पाळी 35 दिवसांपेक्षा लांबणारी आणि हनुवटीवर राठ केस, तिन्ही एकत्र असतील तर पीसीओएससाठी (संप्रेरकं बिघडून होणारा अंडाशयाचा विकार, बोलण्यात ‘पीसीओडी’) पाठवा. अंगावरच्या राठ केसांचे गुण मोजताना (नऊ जागा, प्रत्येकी 0 ते 4) आधी विचारा की थ्रेडिंग-वॅक्सिंग किती दिवसांपूर्वी केलं. धोक्याची रेषा वंशानुसार 4 ते 6 मध्ये धरतात. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निव्वळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत. त्या वयात गाठीगाठींचा अंडाशय नेहमीचाच. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला एकविसापर्यंत ‘पीसीओडी आहे, वजन उतरव’ असं नुसता रिपोर्ट बघून सांगू नये.

पाटीपुस्तक
कंबर मोजायचं कसं? शिंप्याचा टेप आणला आहे.

गोदाकाठ
शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, वर्षभर वापरलेला तर अर्धा-एक सेंटिमीटर खोटं सांगतो. न ताणणारा घ्या. नवा असला तरी स्टीलच्या पट्टीवर ताडून बघा.

‘कंबर’ म्हटलं की मुलगी सलवारीच्या नाडीवर बोट ठेवते. नाडी बेंबीच्या खाली, आणि तिथं वर्षानुवर्षांची खाच पडलेली. तिथं मोजलंत की आकडा चुकतो. बाजूनं शेवटची बरगडी चाचपा, खाली नितंबाच्या हाडाची वरची कड चाचपा, दोन्हींच्या मधोमध पेननं बारीक खूण करा. नाडी सैल, कुर्ता वर, टेप थेट कातडीवर. पाय जवळ, हात सैल. एक श्वास घेऊन सोडायला सांगा, सोडला की वाचा. मुली पोट आत ओढतात. ‘तुझं नाव काय, गाव कुठलं’ विचारत राहिलं की पोट आपोआप सुटतं. दोनदा मोजा, फरक एक सेंटिमीटरच्या वर असेल तर तिसऱ्यांदा.

80 सेंटिमीटर ही बायकांची मर्यादा. त्याहून सोपं: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. 152 सेंटिमीटर उंच, 47 किलो वजन, कंबर 84. बीएमआय 20.3, सगळे म्हणतील झकास. कंबर-उंची 0.55. हिची साखर तपासायला हवी, आणि हिलाच घरी ‘जरा अंग धर’ म्हणत असतील.

उंची मोजताना अंबाडा, क्लिप, बक्कल काढायला लावा. टाच, ढुंगण आणि पाठ भिंतीला. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही.

तांड्यावरची
आणि क्रम चुकवू नका. आधी फॉर्म, मग आकृत्या, वजन सगळ्यांत शेवटी. वजन आधी केलं तर पुढची सगळी उत्तरं काट्याकडं बघून येतात. पडद्याआड एकेकीला घ्या. एकजण मोजणार आणि दुसरी लिहिणार असेल तर आकडा ओरडून सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून सरकवायचा. वसतिगृहात ‘छप्पन्न’ हे नाव पडायला एक संध्याकाळ पुरते.

पाटीपुस्तक
नोंदवलं. काट्याचा आकडा मुलीला दिसेल की नाही हे ठरवायचं राहिलं होतं. पाठमोरी उभी करू?

तांड्यावरची
तिलाच विचारा, ‘बघायचंय का?’ बघते म्हणाली तर दाखवा. नको म्हणाली तर तेही फॉर्मवर लिहा, एका रकान्यात. किती जणी नको म्हणाल्या ते शेवटी मोजून इथं टाका.